नवा फोन: दुकानातून की ऑनलाइन? माझं पारडं बिलामुळे झुकलं

ऑनलाइन किंमत बहुधा कमी असते, रंगांचे आणि मेमरीचे सगळे पर्याय मिळतात, शिवाय घाई करायला शेजारी कोणी उभं नसतं. हे सगळं खरं आहे. माझे आधीचे बहुतेक फोन तसेच आले. आता मात्र मी जवळच्या दुकानातून घेतो. कॅमेरा-प्रोसेसरचं तुम्ही वाचलंच असेल. तोच फोन दोन्हीकडे मिळत असेल तर कुठून घ्यावा, एवढ्यापुरतंच लिहितो.

ऑनलाइन घेतलेल्या एका फोनचं चार्जिंग बिघडलं. बिलाच्या तारखेनुसार वॉरंटी शिल्लक होती, पण सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत ती संपलेली दिसत होती, कारण माझ्या खरेदीच्या बऱ्याच आधी तो फोन एकदा सुरू झाला होता. बिल पुढे केलं तर त्यावर फक्त मॉडेल आणि रंग. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तोच नाही. हे बिल याच फोनचं, हे दाखवायचं कशावरून? ज्याने फोन पाठवला तो विक्रेता तोवर त्या संकेतस्थळावर दिसेनासा झाला होता, आणि संकेतस्थळाचं म्हणणं, आम्ही फक्त मध्यस्थ. फोन बिघडला याचं एवढं नाही वाटलं, यंत्र आहे, बिघडायचंच. पण पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू नवी म्हणूनच घेतली होती, हे ज्याला त्याला पटवत फिरावं लागलं, त्याचा मला फार त्रास झाला.

सगळ्यांना असाच अनुभव येतो असं मी म्हणणार नाही. ऑनलाइन घेऊन वर्षानुवर्षं सुखात असलेले कितीतरी जण माझ्या ओळखीत आहेत. फरक एवढाच, की ही शंका दुकानात पैसे देण्याआधीच मिटवता येते. बॉक्सवर सिरीयल नंबर असतो. ॲपलच्या संकेतस्थळावर तो टाकला की वॉरंटीची स्थिती कळते, फोन आधी सुरू झालाय का तेही बहुधा लक्षात येतं. इतरही काही कंपन्यांकडे अशी सोय आहे. सील शाबूत आहे एवढ्यावर विसंबू नका, सील पुन्हा लावता येतं. मग बॉक्स तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करा. पडद्यावर १५ अंकी आयएमईआय येतो, दोन सिमच्या फोनवर सहसा दोन. तो बॉक्सवरच्या आयएमईआयशी ताडून पाहा आणि बिलावर लिहून घ्या. माझ्या मते या खरेदीत याहून महत्त्वाचं काही नाही.

आयफोन असेल तर सेटिंग्जमधला मॉडेल क्रमांकही पाहावा. पहिलं अक्षर 'एम' म्हणजे नवा, 'एफ' म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला, 'एन' म्हणजे बदली म्हणून दिलेला. अँड्रॉइड फोन सुरू होताना आधीच्या कोणाचं तरी गूगल खातं मागत असेल तर तो तिथेच परत करा. ही चोरीविरोधी सोय २०१५ साली अँड्रॉइड ५.१ मध्ये आली, आणि कोऱ्या फोनवर असा प्रश्न येत नाही. बॉक्सवर दुसऱ्या प्रदेशाचं लेबल असेल तर वॉरंटी इथे लागू आहे का ते स्पष्ट विचारा.

दुकानाचा जाच वेगळा. तुम्ही एक मॉडेल ठरवून जाता आणि विक्रेता दुसऱ्याच कंपनीचे गुण गायला लागतो. कव्हर, काच, विमा एकामागून एक पुढे येतात. किंमतही थोडी जास्त पडू शकते. मॉडेल घरीच पक्कं केलं असेल तर हे सगळं 'नको' म्हणून संपतं. एका बाबतीत मात्र भीड धरू नका: 'मी सेट करून देतो' म्हणत कोणी फोन हातात घेतला तर नम्रपणे परत मागा. दुकानातल्या माणसाने स्वतःच्या खात्याने फोन सुरू केला आणि ते खातं तसंच राहिलं, तर पुढे फोन रिसेट करताना तुम्हीच अडकाल.

परत करण्याची मुदत ऑनलाइनवाल्यांचा मोठा आधार वाटतो, पण फोनच्या बाबतीत अटी नीट वाचा. बरेचदा 'आवडला नाही' हे कारण चालत नाही, दोष सिद्ध करावा लागतो. दुकानात तेवढी लेखी मुदत कदाचित नसेल, पण स्पीकर, कॅमेरा, पडद्यावरचे ठिपके तिथल्या तिथे तपासता येतात आणि दुसरा बॉक्स मागता येतो.

कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानाला मात्र मी वेगळं मानतो. तिथे विकणारा आणि वॉरंटी देणारा एकच, त्यामुळे माझ्यासारखी अडचण येण्याची शक्यता फार कमी. जवळचा दुकानदार बिलावर आयएमईआय लिहायला कां-कू करत असेल, तर भाव कितीही चांगला असला तरी तिथून निघा आणि फोन कंपनीकडूनच मागवा.