नथिंग हॅज चेंज्ड : उलट्या क्रमाने उलगडणारे बोवी
ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांच्या निवडक गाण्यांचा २०१४ मध्ये आलेला ‘नथिंग हॅज चेंज्ड’ हा संग्रह तीन सीडींच्या आवृत्तीतच ऐकावा, कारण तिची मांडणी उलट्या कालक्रमाने केलेली असून जॅझ संगीतकार मारिया श्नायडर यांच्या वाद्यवृंदासह गायलेल्या ‘स्यू’पासून ती थेट १९६४ च्या ‘लायझा जेन’पर्यंत मागे जाते. पिकलेला, सावध आवाज हळूहळू कोवळा होत जाताना ऐकणे विलक्षण आहे; शिवाय नव्वदच्या दशकातील, एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या गाण्यांना येथे पहिल्याच सीडीत मानाची जागा मिळते, आणि ती त्यांना शोभतेही. ‘हीरोज’ मात्र सिंगलसाठी, म्हणजे सुटे गाणे म्हणून प्रसिद्ध करण्यासाठी, कापलेल्या रूपात घेतले आहे, त्यामुळे मूळ गाण्यातली आवाजाची ती संथ चढण अर्धवट राहते, याची मनापासून खंत वाटते. दोन सीडींची आवृत्ती सरळ कालक्रमाने जाते; नवख्या श्रोत्याला ती सोपी वाटेल.