सहा स्क्रूंचं बिल, एक्स-रेत चार

आमचे हे टेंपो चालवतात. इचलकरंजीत सुताची पोती चढवायची, उतरवायची, खड्ड्यांतून दिवसभर गाडी मारायची. कंबरदुखी सात-आठ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात उठणं-बसणं अवघड झालं तेव्हा एमआरआय काढला. मणक्यांमधल्या खालच्या दोन गाद्या झिजल्यात आणि थोड्या बाहेर आल्यात, असा रिपोर्ट आला.

ज्या मोठ्या हॉस्पिटलात तो दाखवला, तिथल्या डॉक्टरांनी फिल्म लाइटवर लावली आणि म्हणाले, "मणक्यात गॅप आहे, नस दबलीय. आठ दिवसांत स्क्रू-रॉड टाकून मणके फिक्स केले नाहीत तर पाय जातील." ह्यांना झोपवून पाय उचलून बघितला नाही. अंगठा वर करायला सांगितला नाही. मुंग्या येतात का, लघवी नीट होते का, काही विचारलं नाही. बाहेर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, आज पन्नास हजार भरलेत तर गुरुवारची तारीख मिळेल."

पाय जातील, एवढंच माझ्या कानात राहिलं. घरात दोन मुली शिकतायत, टेंपोचा हप्ता चालू. मी पाटल्या गहाण ठेवल्या, एफडी मोडली आणि गुरुवारी ऑपरेशन झालं. दोन ठिकाणचे मणके जोडले म्हणून सांगितलं. बिल 3 लाख 60 हजार. त्यात सहा स्क्रू, दोन रॉड, दोन केज (गादीच्या जागी दोन मणक्यांमध्ये बसवायचा ठोकळा). मी पतसंस्थेत रोज व्हाउचर तपासते, पण त्या दिवशी फक्त खालचा आकडा बघितला आणि पैसे भरले.

सहा महिने झाले तरी दुखणं तसंच. उलट आता खाली मांडी घालून जेवता येत नाही. शेवटी सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, बिल वाचलं, पुन्हा एक्स-रे बघितला. मग पेनाच्या टोकानं एकेक स्क्रू दाखवत मलाच मोजायला लावले. चार. एक जोड, म्हणजे शेजारचे दोन मणके, फिक्स करायला चार स्क्रू लागतात, सलग दोन जोडांना सहा. केज प्लास्टिकसारख्या पदार्थाची असली तरी तिच्यात धातूचे बारीक ठिपके असतात आणि ते एक्स-रेत दिसतात. आमच्या एक्स-रेत एकाच जागी दिसत होते. म्हणजे जोडला एकच जोड, पैसे घेतले दोनांचे.

माझे हात गार पडले. पैशांपेक्षा पुढचं ऐकून जास्त. जुना एमआरआय बघून ते म्हणाले, मणका सरकलेला नाही, पायाची ताकद गेल्याची कुठे नोंद नाही, पुढे-मागे वाकवून एक्स-रेसुद्धा काढलेले नाहीत. मग हे ऑपरेशन कशासाठी केलं?

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. 1994 साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची गादी फुगलेली निघाली. इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी 2016 ला जे मार्गदर्शक नियम निघाले, त्यात नुसत्या कंबरदुखीसाठी, संशोधनातली चाचणी सोडली तर, फ्यूजन, म्हणजे मणके जोडायचं हे ऑपरेशन, करू नका असं सरळ लिहिलंय. मणका सरकून नस दबली असेल, मणका मोडला असेल, टीबीनं किंवा गाठीनं पोखरला असेल, तर हेच ऑपरेशन माणसाला उभं करतं, म्हणून ऑपरेशनला मी वाईट म्हणत नाही. आणि लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, तिथे वाट बघू नका. ह्यांना यातलं एकही लक्षण नव्हतं. आठ दिवसांची मुदत कशाच्या जोरावर दिली, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

मी हॉस्पिटलकडे पूर्ण केसपेपर लेखी मागितले. मागितल्यावर 72 तासांत ते द्यावे लागतात, तसा नियम आहे. पहिल्यांदा "साहेब सुट्टीवर आहेत" म्हणाले. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, तेव्हा तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. शरीरात टाकलेल्या प्रत्येक वस्तूच्या पाकिटावर बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते केसपेपरला चिकटवतात. आमच्या कागदावर स्क्रूची स्टिकर चारच. त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच शिक्क्याखाली.

तुमच्या घरात कुणाला स्क्रू-रॉड सांगितले असतील तर ॲडव्हान्स भरण्याआधी त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना एमआरआय दाखवा. कुठला मणका, किती स्क्रू, किती केज, हे आधी लिहून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी स्टिकरचे फोटो काढा आणि एक्स-रे समोर धरून बिलाशी जुळवा.

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. आमची तक्रार जिल्हा आयोगात दाखल झालीय. हॉस्पिटलच्या वकिलानं घरी फोन करून "दोन स्क्रूंचे पैसे परत देतो, मिटवून टाका" असं सांगितलं. हे शेजारीच पट्टा बांधून खुर्चीत बसले होते. त्यांनी मान हलवली आणि मी नाही म्हणाले.