नंबर तोच राहील म्हणाला होता

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. लातूर-धाराशिवकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको, त्या दिवशी मान वर करायला सवड नसते. आंबिलीचं बिंदगं भरायचं होतं, भज्जीसाठी वालाच्या शेंगा सोलायच्या राहिल्या होत्या, उंड्यांसाठी बाजरीचं पीठ परातीत तसंच. तेवढ्यात दारात दोन पोरं. निळे शर्ट, गळ्यात कार्ड, एकाच्या हातात चपलेच्या खोक्याएवढा डबा. "काकू, इंटरनेट फोनची माहिती द्यायलोय, पाचच मिनिटं."

मी हाकललंच असतं. पण त्यातला बोलका होता तो म्हणाला, "दुबईकडं कुणी आहे का तुमचं?" आणि मी थांबले. आमची लेक शारजात असते. मला वाटलं, याला कसं कळलं? नंतर समजलं, गल्लीत दारोदार तो हेच विचारत होता. चार घरं फिरलं की कुणाचं तरी कुणीतरी आखातात निघतंच.

आमची अडचण अशी की तिकडं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, कॉल मात्र लागत नाही. तिथं तो बंदच ठेवलाय. परवानगी असलेली मोजकी अ‍ॅप चालतात, त्यांच्यावर लेक माझ्याशी बोलायची. पण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना मोबाइलच्या काचेवर बोट फिरवणं जमत नाही. कानाला रिसीव्हर लागल्याशिवाय फोन केल्यासारखं वाटतच नाही त्यांना. नातीशी बोलायचं म्हणजे लँडलाइनवरून आयएसडी, आणि बिल आलं की ह्यांचा चेहरा बघवत नसे.

पोरानं सगळं नीट समजावून सांगितलं. आवाजाचे बारीक तुकडे करून इंटरनेटवरून पाठवतात, तिकडं पुन्हा जोडतात. एका कॉलला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा लागत नाहीत, तुमच्या केबलवाल्याचं नेट पुष्कळ झालं. 2018 साली सरकारनं परवाना असलेल्या कंपन्यांना इंटरनेटवरून फोनसेवा द्यायला मोकळीक दिली, त्याचं कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. हे सगळं मी आज पुन्हा तपासलंय. यातलं एकही वाक्य खोटं नाही. फसवणारा माणूस खोटं बोलतो अशी आपली समजूत असते. हा मुलगा अर्धा तास खरंच बोलत होता.

मग त्यानं डबा उघडला. आत हाताच्या पंजाएवढं काळं यंत्र, पुढं चार हिरवे दिवे. एक वायर राउटरला, दुसरी आमच्या जुन्या फोनला. आत्याबाईंनी विणलेला रुमाल असतो त्या फोनखाली, तो त्यानं अलगद बाजूला सरकवला, घडी घालून. असली माणसं असं काहीतरी करतात आणि आपण पाघळतो. त्यानं लेकीचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर आत्याबाईंच्या हातात दिला.

"आज्जी! तू? काय करायलीस?" शेजारच्या खोलीतून बोलावं इतका स्वच्छ आवाज. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी. मी फोन घेतला तर लेक म्हणाली, "आई, हा इथलाच नंबर दिसतोय. कुणाचा आहे?" मी पोराकडं पाहिलं. तो हसून म्हणाला, "तेच तर आपलं वैशिष्ट्य आहे काकू."

खरं तर चोर तिथंच दिसला होता. ते पुढं सांगते.

सौदा असा ठरला: यंत्र आणि पाच वर्षांची सेवा मिळून साडेसात हजार. भारतात कुठंही फुकट, आखातात मिनिटाला साठ पैसे. हे शेतावरून आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "आमचा नंबर?" पोरगा म्हणाला, "नंबर तोच राहील काका. 2011 पासून मोबाइलची कंपनी बदलता येते ना नंबर तोच ठेवून? तसंच हे. फक्त जुनं कनेक्शन ऑफिसात जाऊन बंद करा, म्हणजे नंबर आमच्याकडं वळेल."

अर्ध्या तासातलं खोटं एवढंच. नंबर तसाच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडं मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. लँडलाइन बंद केली की नंबर गेला.

तो नंबर आम्हाला भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी लागला होता. 0 23 82 आणि पुढचे आकडे आत्याबाईंना पाठ आहेत. त्यांना पाठ असलेला जगातला तो एकमेव नंबर. लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेवर तोच, किल्लारीकडच्या पाहुण्यांच्या डायरीत तोच. हे जाऊन अर्ज देऊन आले. डिपॉझिट परत मिळालं म्हणून येताना पेढे आणले!

दोन-अडीच महिने फोन छान चालला. लाइट गेली की मात्र बंद. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधूनच करंट यायचा, आपल्याकडं अंधार असला तरी तो वाजायचा. या यंत्राला घरची लाइट लागते, राउटरलाही लागते. उन्हाळ्यात आमच्याकडं लाइटीचा काय भरवसा असतो ते माहीतच आहे. तरी आम्ही चालवून घेतलं. "नंबर वळायला नव्वद दिवस लागतात" हेही ऐकून घेतलं.

मार्चअखेर चारातला एक दिवा विझला. रिसीव्हर उचलला की नुसती शांतता. पावतीवरचा मोबाइल बंद.

माझा भाचा फायबर जोडण्याची कामं करतो. त्यानं यंत्र लॅपटॉपला लावून पाहिलं. म्हणाला, "मामी, हे साधं अ‍ॅडॉप्टर आहे, बाजारात कुणालाही मिळतं. पण ह्याला पासवर्ड घालून कुठल्यातरी एकाच सर्व्हरशी बांधून ठेवलंय, आणि तो सर्व्हर आता नाही." मग त्यानं त्या शारजाच्या नंबरचं कोडं उलगडून दिलं. इंटरनेटवरून आवाज तिथपर्यंत नेणं स्वस्त असतं, कबूल. पण शेवटी तो तिथल्या मोबाइलमध्ये वाजायचा असेल तर तिथल्या कंपनीला बाहेरून आलेल्या कॉलचे पैसे द्यावे लागतात. साठ पैशांत ते बसत नाही. म्हणून हे लोक तिथं एका पेटीत ढिगानं सिमकार्डं घालून बसवतात. कॉल चोरवाटेनं जातो आणि तिथल्याच एखाद्या सिमवरून लोकल म्हणून वाजतो. आपल्या देशातही हा गुन्हा आहे. परदेशातून आलेला कॉल भारतातल्या नंबरवरून दिसला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळवायची सोय त्यासाठीच केलेली आहे. पेटी पकडली गेली असेल किंवा पोरांनी गाशा गुंडाळला असेल, आमच्यासाठी सारखंच.

इथपर्यंत साडेसात हजार गेले होते. पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते.

ह्यांनी गूगलवर त्या सेवेचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिलाच मिळाला तो लावला. माणूस फार अदबीनं बोलला. "सर, तुमचा रिफंड मंजूर आहे." एक अ‍ॅप उतरवायला लावलं, ज्यातून त्याला ह्यांच्या मोबाइलची स्क्रीन दिसत होती. मग म्हणाला, रिफंड जमा व्हायला पिन टाका. ह्यांनी टाकला, दोनदा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायलाच, हे पेन्शनीत निघालेल्या हुशार माणसाला त्या क्षणी आठवलं नाही. अडतीस हजार गेले.

भाच्यानं ताबडतोब 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायला लावला. लावायला जमेतोवर पाऊण तास गेला. त्यातले अकरा हजार पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले, बाकीचे तोवर तिथून उडाले होते. पिन आपणच टाकलेला, त्यामुळं बँकेनं हात वर केले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, म्हणून तिकडंही विचारून आलो. पण नोटीस पाठवायची कुणाला? पावतीवर पुण्याचा पत्ता आहे. भाच्याचा मित्र जाऊन पाहून आला. इमारत आहे, त्या नावाचं ऑफिस तिथं कधीच नव्हतं. पावती फाडताना एवढं तपासलं असतं तर? पण समोर आत्याबाई डोळे पुसत होत्या. कोण तपासतं.

आता आम्ही फायबरचं रीतसर कनेक्शन घेतलंय. गंमत म्हणजे त्यातला लँडलाइनही आतून इंटरनेटवरच चालतो, फक्त देणाऱ्याकडं परवाना आहे आणि तक्रार करायला लातुरात ऑफिस आहे. नंबर नवा आहे. आत्याबाईंना तो पाठ होत नाही. कुणी भेटलं की त्या अजून जुनाच सांगतात, "तेवीस ब्याऐंशी लाव आधी." मी मागून नवा लिहून दिलेली चिठ्ठी पुढं करते. शारजाला मी मोबाइलवर अ‍ॅपनं लावते आणि स्पीकर करून त्यांच्या कानाशी धरते. त्या दोन्ही हातांनी मोबाइल रिसीव्हरसारखा पकडतात, मग गालानं कॉल कट होतो.

गेल्या आठवड्यात उदगीरहून वन्संचा फोन आला. "वहिनी, दोन पोरं आलीत दारात. नेटवरच्या फोनचा डबा दाखवायलेत. शर्ट पांढरे आहेत, पण तू सांगितलंस तसंच बोलायलेत."

"नंबर तोच राहील म्हणाले का?"

"हो, आत्ताच म्हणाले."

"चहा ठेवा म्हणावं, बसवून ठेवा, पोलिसांना फोन करा."

वन्सं चहाला आत गेल्या, तेवढ्यात पोरं निघून गेली. पण जाताना घाईत भरून ठेवलेली पावती टेबलावरच विसरली. नाव नवीन, पत्ता पुण्याचा तोच. आमची पावती आणि ती, दोन्हींच्या झेरॉक्स सोमवारी ठाण्यात देऊन आलो.