गिग, बोली की तयार माल? फ्रीलान्स काम कुठल्या बाजारात मांडायचं

नव्याने फ्रीलान्सिंग सुरू करणारे मला हमखास विचारतात, "कमिशन सगळ्यात कमी कुठे आहे?" विचारायलाच हवं, पण कमिशन निदान पावतीवर छापलेलं असतं. पावतीवर न दिसणारी कापणी त्याहून मोठी असते. ज्या तासांचे पैसे कोणीच देत नाही, ते तास. असे तास प्रत्येक बाजारात, म्हणजे काम विकायच्या प्रत्येक साइटवर, असतात, फक्त कुठे कामाच्या आधी खर्च होतात, कुठे नंतर. मी आठ-नऊ वर्षं डिझाइन आणि वेबसाइटचं कोडिंग दोन्ही करते, आणि माझ्या मते बाजार निवडायचा तो हे तास कुठे जातात ते बघून.

फायव्हरवर आपण दुकान मांडून बसतो. 2010 मध्ये ही साइट आली तेव्हा प्रत्येक काम पाच डॉलरला मिळायचं, नाव त्यावरूनच पडलं. आता किंमत आपली आपण ठरवायची, पण पद्धत तीच आहे. कामाची तयार पुडी बांधायची, तिला म्हणायचं गिग. बेसिक, स्टँडर्ड, प्रीमियम असे तीन भाव लावायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. साइट 20 टक्के कापते. कोणी खूश होऊन वर बक्षीस दिलं, तर त्यातूनही 20 टक्के जातात.

आता हिशेब बघा. 30 डॉलरचा लोगो, हातात 24. दोन तासांत झाला तर तासाला 12 डॉलर. पण ऑर्डर येण्याआधी प्रश्नोत्तरांत एक तास जातो आणि नंतर "निळा जरा गडद करा", "नाही, आधीचाच बरा होता" यात दोन. म्हणजे पाच तास, तासाला 4 डॉलर 80 सेंट. 12 वरून इथवर येईस्तोवर साठ टक्के गेले, त्या वीसचं काय घेऊन बसलात!

माझ्या अगदी पहिल्या पुडीवर (साइट कुठली ते राहू द्या) मी उत्साहाने "अमर्याद बदल" असं लिहिलं होतं. एका माहितीपत्रकाच्या सतरा आवृत्त्या झाल्या आणि शेवटी पसंत पडली ती दुसरी. गिऱ्हाईक अजिबात वाईट नव्हतं, मीच दार उघडं ठेवलं होतं. तेव्हापासून पुडीवर तीन गोष्टी आकड्यात लिहिते: किती नमुने, किती फेऱ्या, आणि फेरी म्हणजे नेमकं काय. रंग बदलणं ही फेरी; "वेगळीच कल्पना करून बघू या" ही नवी ऑर्डर.

कोडिंगवाल्यांनी इथे आणखी जपून राहावं. फिग्मा या डिझाइनच्या साधनातलं एक पान एचटीएमएलमध्ये उतरवून देणं याला कडा आहे, किंमत लावता येते. पण "वेबसाइटमधला बग काढून देतो" या गिगला तळच नसतो. फाइल उघडेपर्यंत बग मुंगीएवढा आहे की हत्तीएवढा, कळत नाही. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे तपासणी हीच वेगळी, स्वस्त पुडी करायची: दोष कुठे आहे ते शोधून लिहून देणार, दुरुस्तीचा भाव त्यानंतर. निम्मी गिऱ्हाइकं इथेच गळतात. गळलेलीच बरी.

काम सोपवल्यावर गिऱ्हाईक काहीच बोललं नाही, तर तीन दिवसांनी ऑर्डर आपोआप पूर्ण होते. पैसे मोकळे व्हायला मात्र साधारण 14 दिवस लागतात. महिनाअखेरीची गणितं करणाऱ्याने हे दिवस आधीच धरावेत.

अपवर्कवर चित्र उलटं आहे. इथे गिऱ्हाईक काम मांडतं आणि आपण बोली लावत दारोदार जातो. इलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या साइट एकत्र आल्या आणि 2015 मध्ये त्यांचं हे नाव झालं. कमिशनचं गणित तिथे वरचेवर बदलत आलंय. 2016 पासून एकाच क्लायंटकडची कमाई वाढेल तसं 20, 10 आणि 5 टक्के. 2023 मध्ये सरसकट 10. आणि मे 2025 पासून नव्या करारांना शून्य ते 15 टक्के, कामागणिक वेगळं. टक्का बघून ज्यांनी बाजार निवडला, त्यांची निवड अशी दर काही वर्षांनी शिळी होते.

इथले फुकटचे तास कामाच्या आधी जातात. प्रपोजल, म्हणजे कामासाठीचा अर्ज, पाठवायला कनेक्ट्स नावाची साइटची टोकनं लागतात, एकाची किंमत 15 सेंट. समजा एका प्रपोजलला 12 कनेक्ट्स लागले आणि वीस प्रपोजल पाठवल्यावर एक काम मिळालं. कनेक्ट्सचे झाले 36 डॉलर. शिवाय प्रत्येक प्रपोजल नीट वाचून-लिहून पाठवायला अर्धा तास धरला, तर दहा तास. काम 400 डॉलरचं आणि कमिशन दहा टक्के धरलं तर 40 जातात, पण खरा चटका त्या दहा तासांचा असतो. वेळ वाचवायला एकच मजकूर सगळीकडे डकवणारे बरेच असतात. क्लायंटला तो पहिल्या ओळीत कळतो.

तरीही, कोड लिहिणाऱ्याने एकच जागा निवडायची असेल तर मी अपवर्कच सांगेन. कारण हा खर्च एकदाच होतो. चांगला क्लायंट मिळाला की तोच पुढे वर्षभर काम देतो, आणि तासाच्या दराने देतो. अंदाज चुकणं हा कोडिंगचा स्थायीभाव आहे, आणि तासाच्या करारात चुकलेल्या अंदाजाचा भुर्दंड एकट्या तुमच्यावर पडत नाही. त्या बदल्यात ट्रॅकर चालू ठेवावा लागतो. तो दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा तुमच्या स्क्रीनचा फोटो घेतो आणि की-बोर्ड, माउसची हालचाल मोजतो. नको तो फोटो पुसता येतो, पण त्या दहा मिनिटांचे पैसेही पुसले जातात. कोणीतरी मागे उभं राहून बघतंय असं पहिले काही दिवस वाटतं. पण क्लायंटने पैसे नाकारले, तर हीच नोंद तुमच्या बाजूने उभी राहते.

डिझायनरचं मात्र या ट्रॅकरशी जमत नाही. माझा निम्मा लोगो कागदावर, पेन्सिलीने होतो, आणि ट्रॅकरच्या लेखी तेव्हा मी बसून आहे. म्हणून चित्रकामाला ठरावीक रकमेचा करार आणि टप्पे, म्हणजे माइलस्टोन, बरे. प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी एस्क्रोत, म्हणजे साइटकडे राखून ठेवायच्या खात्यात, जमा झालेत ना, ते बघितल्याशिवाय फाइल उघडायचीही नाही. काम रीतसर सोपवलं आणि क्लायंट गप्प बसला, तर 14 दिवसांनी ते पैसे आपोआप सुटतात.

फ्रीलान्सर डॉट कॉमही बोलीचाच बाजार. तिथला एक नियम सही करण्याआधी वाचावा: ठरावीक रकमेच्या कामात 10 टक्के किंवा पाच डॉलर, जे जास्त असेल ते, काम स्वीकारतानाच कापलं जातं, पैसे मिळाल्यावर नव्हे.

नाइन्टीनाइन डिझाइन्सने नावारूपाला आणलेल्या स्पर्धांबद्दल थोडक्यात सांगते. अनेक जण पूर्ण डिझाइन करून पाठवतात, पैसे विजेत्याला. बाकीच्यांचं सगळंच काम फुकट. पोर्टफोलिओत दाखवायला काहीच नसेल तर दोन-चार स्पर्धा सराव म्हणून खेळाव्यात. त्यावर घर चालवायचं म्हटलं तर कठीण आहे.

तिसरा मार्ग तयार माल विकण्याचा. थीमफॉरेस्टवर वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या थीम, म्हणजे साइटचे तयार साचे; कोडकॅनियनवर प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे सुटे भाग, आणि स्क्रिप्ट. एकदा करा, हजारदा विका, असं हे स्वप्न आहे. या दोन्ही बाजारांची मालक एन्व्हाटो. 2024 मध्ये ती शटरस्टॉकने 24.5 कोटी डॉलरला विकत घेतली. तिथली कापणी पहिल्यापासून घसघशीत. अनेक वर्षं नियम असा होता, की माल फक्त तिथेच विकणाऱ्याकडून 37.5 टक्क्यांपासून सुरुवात आणि विक्री वाढेल तसं 12.5 पर्यंत उतार. इतरत्रही विकत असाल तर 55 टक्के. पण इथेही मला घाबरवतो तो टक्का नाही, विक्रीनंतरचं काम आहे.

थीम किंवा प्लगइनसोबत सहा महिन्यांचा सपोर्ट देण्याचा रिवाज आहे, आणि पुढच्या सुधारित आवृत्त्याही त्याच किमतीत. म्हणजे आज 40 डॉलर दिलेल्या माणसासाठी तीन वर्षांनीही तुम्ही कोड दुरुस्त करताय. डिसेंबर 2018 मध्ये वर्डप्रेस 5.0 गुटेनबर्ग हे मजकूर मांडायचं नवं साधन घेऊन आलं आणि थीमवाल्यांना जुना माल परत उघडावा लागला. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय, त्या पीएचपीची 8.0 आवृत्ती नोव्हेंबर 2020 मध्ये आली, पुन्हा तेच. विक्री थांबलेली, सपोर्टची पत्रं चालू, अशी अवस्था या धंद्यात नवी नाही. आयकॉन, फॉन्ट, चित्रांचे संच यांना हे दुखणं नाही. ते गंजत नाहीत. म्हणून तयार माल हा मला डिझायनरचा मार्ग वाटतो, कोडरचा नाही. सगळे याच्या उलट समजतात.

तुमच्यामागे थोडे जरी वाचक-प्रेक्षक असतील, तर असे संच गमरोड या थेट विक्रीच्या साइटवर टाकावेत. तिथे 10 टक्के आणि वर 50 सेंट जातात, पण गिऱ्हाइकाचा ईमेल पत्ता तुमच्याकडे येतो. गमरोडच्या स्वतःच्या शोधयादीतून गिऱ्हाईक आलं तर 30 टक्के. गिऱ्हाईक आणून देण्याची किंमत इतकी उघडपणे लिहिलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

तिन्हीकडे पाय ठेवू बघणाऱ्यांनी हक्कांची कलमं वाचावीत. अपवर्कच्या मूळ करारानुसार पैसे मिळाले की कामाचे हक्क क्लायंटकडे जातात. तिथे लिहिलेला कोड उद्या कोडकॅनियनवर प्लगइन म्हणून विकता येत नाही. स्वतःची जुनी, नेहमी लागणारी फंक्शनं वापरणार असाल तर ते आधीच लिहून घ्या. आणि एका जागी कमावलेले रिव्ह्यू दुसरीकडे नेता येत नाहीत. बाजार बदलला की पुन्हा शून्यापासून.

आणखी एक गोष्ट नव्यांना सांगावीशी वाटते. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं, पाठोपाठ चित्रं काढणारी साधनं सर्रास झाली. तेव्हापासून स्वस्त, छोट्या, नीट आखलेल्या पुड्या विकणं मला धोक्याचं वाटतं, कारण नेमकं आखून दिलेलं छोटं काम यंत्रालाही सगळ्यात सोपं जातं. आज मी फायव्हरवर गेले तर पाच-दहा डॉलरच्या पायरीवर बसणारच नाही. आठवड्याचं काम असलेली, संवाद लागणारी एकच महाग पुडी ठेवीन आणि पहिल्या ऑर्डरला उशीर झाला तरी चालवून घेईन.

अजूनही ठरत नसेल, तर जे काम तुम्ही गेल्या महिन्यात कोणासाठी तरी केलंत ते डोळ्यांसमोर आणा आणि त्याची किंमत काम बघण्याआधी सांगता आली असती का ते स्वतःला विचारा. आली असती, तर गिग. नसती, तर बोली आणि तासाचा दर. आणि तेच काम जसंच्या तसं दुसऱ्या दहा जणांना उपयोगी पडलं असतं, तर तयार मालाचं बघा. पण त्याआधी त्याची डागडुजी तीन वर्षं कोण करणार, ते कागदावर लिहा.