सीपॅपचा मास्क, जांभळा टॉर्च आणि साडेअठरा हजारांचं बिल

घरी सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र असेल आणि 'मोफत हायजीन तपासणी'साठी फोन आला, तर पत्ता देऊ नका. गोव्यात बार्देशातल्या एका घरात हा प्रकार झाला. फसलेले गृहस्थ निवृत्त आहेत, व्यवहाराला पक्के आहेत, बाजारात नारळसुद्धा वाजवून घेणारे. तरीही फसले, कारण समोरच्यांनी दाखवलेलं सगळं डोळ्यांना खरंच दिसत होतं.

झालं असं. स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं निदान झालं आणि मशीन घेतलं. काही महिन्यांनी फोन आला. बोलणाऱ्याला मशीनचं मॉडेल, खरेदीची तारीख, पेशंटचं नाव सगळं ठाऊक, त्यामुळे माणूस कंपनीचाच वाटला. दोन तरुण गळ्यात ओळखपत्रं अडकवून आले. खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, जांभळ्या उजेडाचा टॉर्च काढला आणि मास्कवर धरला. पट्टे निळसर पांढरे झगझगले, सिलिकॉनवर ठिपके चमकले. "काका, हे सगळे जंतू. रोज रात्री हे फुफ्फुसात जातात." मग मशीनमधल्या, हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीत कापसाची काडी फिरवली, ती तांबूस निघाली. काकूंचा चेहरा उतरला तिथेच सौदा झाला. 'सक्रिय ऑक्सिजन'वर चालणारी निर्जंतुकीकरणाची पेटी 14,500 रुपये आणि वर्षभरात चार 'डीप सर्व्हिस' 4,000 रुपये. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. पावती साध्या पॅडवर, जीएसटी क्रमांक नाही.

पहिली सर्व्हिस त्याच दिवशी झाली. हवा बाहेर येते त्या तोंडातून आत स्पिरिटचा फवारा मारला, पांढरा फिल्टर नळाखाली धुऊन ओलाच परत बसवला. पेटीचा वापर सुरू झाल्यावर नळीला ब्लीचसारखा उग्र वास येऊ लागला, सकाळी घसा जळजळायचा, कोरडा खोकला सुटेना. डॉक्टरांनी पेटी बंद करायला लावली. पुढे मशीन घरघरू लागलं म्हणून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेलं, तर आत द्रव गेल्याच्या खुणा सापडल्या आणि वॉरंटी नाकारली गेली. ज्या नंबरवरून फोन आला होता तो बंद.

आता टॉर्चचं बघू. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेली द्रव्यं असतात, ती अतिनील उजेडात झगझगतात. नुकताच धुतलेला पांढरा रुमाल त्या टॉर्चखाली धरून बघा, मास्कहून जास्त चमकेल. सिलिकॉनवरचे ठिपके बहुधा चेहऱ्याचं तेल, घाम, क्रीम यांचे. त्या चमकेवरून जंतू आहेत की नाहीत हे ठरत नाही.

तांबूस काडीचं उत्तर विहिरीत आहे. आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत लोह भरपूर. विहिरीचं पाणी टाकीत घातलं की रात्रभर त्याची वाफ होते आणि लोह, चुना तळाशी राहतात. तो गंज आणि क्षार आहेत. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची: बोटाला बुळबुळीत लागणारा गुलाबी थर असेल तर तो जिवाणूंचा, आणि काळे ठिपके बुरशीचे. काळे ठिपके धुऊनही जात नसतील तर टाकी बदलायची.

पेटीतला 'सक्रिय ऑक्सिजन' म्हणजे ओझोन. जंतू मारण्याइतका ओझोन सोडायचा, तर तो माणसाला सुरक्षित असलेल्या पातळीच्या बराच वर न्यावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय उपकरणातून घरातल्या हवेत येणाऱ्या ओझोनला 0.05 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत 0.05 भाग) मर्यादा घातलेली आहे. त्याच प्रशासनाने फेब्रुवारी 2020 मध्ये सीपॅप स्वच्छ करणाऱ्या ओझोनच्या आणि अतिनील किरणांच्या अशा दोन्ही प्रकारच्या पेट्यांबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांना तिथे कायदेशीर मान्यता नव्हती, आणि ओझोनच्या पेट्या वापरणाऱ्यांकडून खोकला, डोकेदुखी, दम्याचा झटका अशा तक्रारी आल्या होत्या. गॅस नळीत, टाकीत रेंगाळतो. एसीसाठी दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत पेटी चालवली आणि रात्री तोच मास्क तोंडाला लावला, की तो थेट श्वासात. दमा असलेल्या माणसाला हे फार महाग पडू शकतं. अतिनील किरणांच्या पेटीची अडचण वेगळी आहे. उजेड सरळ जातो, नळीच्या वळ्यांच्या आत तो पोचतच नाही.

मशीनचंही नुकसान होतं. सीपॅप बनवणाऱ्या फिलिप्सने जून 2021 मध्ये आवाज दाबणाऱ्या फोमचा भुगा होतो म्हणून लाखो मशीनं परत बोलावली, तेव्हा ओझोनसारख्या मान्यता नसलेल्या साफसफाईने तो फोम अधिक खराब होऊ शकतो, असं कंपनीनेच सांगितलं होतं. ओझोनने झालेलं नुकसान रेसमेड या दुसऱ्या मोठ्या सीपॅप कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. पेटी विकणारा हे सांगत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मुळात ज्या कामाचे साडेअठरा हजार घेतले, ते काम साबणाच्या चार थेंबांचं आहे. सकाळी उठल्यावर मशीनचा प्लग काढायचा, टाकी बाहेर काढायची आणि उरलेलं पाणी ओतून टाकायचं. 'निम्मं आहे, आज रात्री चालेल' असं म्हणायचं नाही; उरलेल्या पाण्यात क्षार दाट झालेले असतात आणि दिवसभराच्या उकाड्यात ते साचून राहतं. टाकी उघडी ठेवून वाळू द्यायची. भरलेल्या टाकीसकट मशीन उचलायचं तर कधीच नाही, पाणी मोटारीत जातं. मास्कचं कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकतो तो मऊ भाग, रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाच्या एका थेंबाने बोटांनी चोळून धुवायचं. चेहऱ्याचं तेल साचलं की सिलिकॉन घसरतं, हवा गळते, मग माणूस पट्टे आवळतो आणि नाकावर वळ उठतात. रात्री मास्क लावण्याआधी तोंड साबणाने धुणं हा या साफसफाईचाच भाग आहे.

आठवड्यातून एकदा मास्कचे भाग सुटे करायचे. बादलीत चार-पाच लिटर कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा अर्धा चमचा. कुशन, सांगाडा, पट्टे त्यात हाताने धुवायचे. नळी त्याच पाण्याने भरायची, दोन्ही टोकं तळव्यांनी दाबून पाणी इकडून तिकडे खेळवायचं, मग साध्या पाण्याने फेस जाईपर्यंत धुवायची. साबण राहिला तर रात्री त्याचाच वास येत राहतो. नळी दोरीवर मधोमध टाकून दोन्ही तोंडं खाली सोडायची. गरम होणारी नळी असेल तर तिच्या टोकाचे विजेचे पिन पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मशीनला जोडू नका. वाळवायची सावलीत, पंख्याखाली. बलकावातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीवरच्या कडक उन्हात सिलिकॉन पिवळं आणि ताठ होतं. पावसाळ्यात हे सगळं अवघड जातं. जून ते सप्टेंबर नळी दिवसभरात वाळेलच असं नाही, म्हणून एक जादा नळी ठेवून आलटून पालटून वापरावी. ती खरेदी पैसे वसूल करते.

टाकीला पांढरा थर धरला असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, नऊ भाग पाणी. म्हणजे 35 मिलिलिटर व्हिनेगर आणि 315 मिलिलिटर पाणी, अर्धा तास ठेवायचं, मग खळखळून धुवायचं. घरातलं माडाचं विनागर यासाठी वापरू नये. त्याला रंग असतो, तळाशी गाळ असतो, आणि वास आठवडाभर मास्कमध्ये राहतो. ते सोरपोतेलासारख्या डुकराच्या मांसाच्या रश्श्यातच बरं. टाकीच्या तळाची धातूची पट्टी तारेच्या घासणीने घासू नका. ब्लीच, स्पिरिट, डेटॉल, सुगंधी किंवा जंतुनाशक साबण यांतलं काहीही नको. त्यांचा अंश श्वासात जातो आणि प्लास्टिकला चिरा पडतात. हे लोक टाकीत टाकायला नीलगिरीचे थेंबही विकतात. तेलाचे थेंब फुफ्फुसात ओढून घेणं घातक आहे, तेव्हा सर्दी असली तरी ते टाकीत घालायचे नाहीत.

पाणी डिस्टिल्ड वापरा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर त्याचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. पन्नास-शंभर आला तर बाटलीत साधं पाणी आहे असं समजा. मात्र हा मीटर जंतू मोजत नाही, आणि तो जंतू दाखवतो असं सांगून विकणारेही भेटतात. बॅटरीसाठीचं पाणी स्वस्त पडतं, पण ते कॅन कोणाच्या श्वासाचा विचार करून भरलेले नसतात. एखाद्या रात्री डिस्टिल्ड संपलं तर उकळून गार केलेलं पाणी चालेल. उकळल्याने क्षार जात नाहीत, म्हणून त्याची सवय लावू नका.

पांढरा बारीक फिल्टर धुवायचा नसतो. धुतला की त्याचे तंतू बसतात आणि ओला राहिला तर बुरशी धरतो. जास्तीत जास्त सहा महिन्यांनी बदला. डिचोली, सांगेसारख्या खाणपट्ट्यात तो लाल धुळीने आधीच रंगतो, तेव्हा महिन्याला काढून बघा. काही जुन्या मॉडेलांत वेगळा करडा स्पंज असतो, तेवढा धुता येतो.

याच टोळ्यांकडे सुटे भाग बदलण्याचं छापील वेळापत्रकही असतं: कुशन महिन्याला दोन, नळी तीन महिन्यांनी, टाकी सहा महिन्यांनी. हे आकडे अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्याचे आहेत. विमा जास्तीत जास्त किती वेळा पैसे देईल, एवढाच त्यांचा अर्थ. कुशन ताठ झालं, फाटलं, किंवा नीट धुऊन-बसवूनही मशीनवर गळती जास्त दिसू लागली की बदलावं. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला 24 लिटरच्या वर गळती गेली की मास्कच्या खुणेवर लाल चेहरा येतो, तो बघून ठरवा.

वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्याकडे औषधाचा परवाना किंवा एमडी-42 (वैद्यकीय उपकरणं विकण्याची सरकारी) नोंदणी असावी लागते. ती दाखवायला सांगा, बहुतेक जण तिथूनच काढता पाय घेतात. पैसे गेले असतील तर पेटी फेकू नका. तिच्यावरचं लेबल, यूपीआयची नोंद, पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांचे फोटो काढून ठेवा. तक्रार बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्या दुकानातून मशीन घेतलं त्यालाही लेखी विचारा, की आमचा नंबर आणि खरेदीची तारीख बाहेर गेली कशी.