गावातल्या ऑनलाइन धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस: दुकान पक्कं, दवंडी कच्ची

वरुड-मोर्शीची संत्री, वायगावची हळद, भिवापूरची मिरची थेट गिऱ्हाइकाला विकणारे, नाहीतर ट्रॅक्टर-हार्वेस्टरचं बुकिंग घेणारे ऑनलाइन धंदे आता विदर्भात तालुक्यातालुक्यांत निघताहेत. बहुतेकांची सुरुवात वेबसाइटपासून होते आणि भांडवलही तिथंच जिरतं. आमचं मत वेगळं आहे. पहिल्या हंगामात वेबसाइट राहू द्या, आधी व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, नीट लावा. ॲप फुकट आहे, भारतात २०१८ पासून चालू आहे आणि गिऱ्हाइकाला नवीन काही शिकवावं लागत नाही. पण आलेलं गिऱ्हाईक सांभाळायला ते जितकं उत्तम, तितकंच नवीन गिऱ्हाईक आणायला कमजोर. ज्यांनी त्याची दवंडी केली, त्यांचेच नंबर बंद पडतात.

सुरुवात सिमपासून. धंद्याचा नंबर घरच्या नंबरापेक्षा वेगळा हवा, कारण एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. वेगळं सिम घेतलं की लोक ते जुन्या फोनात टाकतात आणि रिचार्ज विसरतात. ९० दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळू शकतो. मग फ्लेक्सवर छापलेला नंबर परक्याच्या हातात. म्हणून रिचार्जची तारीख लिहून ठेवा आणि सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन पहिल्याच दिवशी लावा. गावात दुकानाची लँडलाइन असेल तर तीही चालते. ओटीपीचा मेसेज येणार नाही, तेव्हा 'कॉल करा' हा पर्याय निवडायचा.

कॅटलॉग, म्हणजे ॲपमधली मालाची फोटोंसह यादी, हा या ॲपचा सगळ्यात दमदार भाग. ५०० पर्यंत वस्तू बसतात, एकेका वस्तूला १० फोटो लावता येतात. पण संत्र्यासारख्या मालाचा भाव रोज हलतो आणि कॅटलॉगमधला प्रत्येक बदल आधी तपासणीला जातो. कधी लगेच सुटतो, कधी अडकून बसतो. त्यामुळे भावाचा रकाना रिकामाच ठेवलेला बरा, तो सक्तीचा नाही. वस्तूच्या नावात वजन लिहा: '५ किलो पेटी', '१० किलो पेटी'. आजचा भाव स्टेटसला टाका, २४ तासांनी तो आपोआप उतरतो. संत्र्याचा आंबिया बहार संपला की त्या पेट्या काढून टाकू नका, 'लपवा' करून ठेवा. पुढच्या मृग बहाराचा माल आला की फोटो आणि वर्णन पुन्हा घालायची कटकट उरत नाही.

एक अडचण मात्र आपल्याकडे हमखास येते. जिवंत जनावरं विकायला व्हॉट्सॲपच्या व्यापार नियमांत बंदी आहे. पोळ्याआधी बैलजोडीचे किंवा बकऱ्यांचे फोटो कॅटलॉगमध्ये चढवले की ते नाकारले जातात आणि वारंवार केलं तर खातं अडचणीत येतं. जनावरांच्या बाजाराचं स्टार्टअप काढायचं असेल तर हे साधन त्यासाठी नाही, एवढं आधीच समजून घ्या.

आता स्वयंचलित निरोप. नवीन माणसाने, किंवा १४ दिवस न बोललेल्याने मेसेज केला की ग्रीटिंग मेसेज आपोआप जातो. दुकान बंद असताना अवे मेसेज जातो. कागदावर झकास. पण हे दोन्ही निरोप धंद्याच्या फोनला इंटरनेट असेल तेव्हाच जातात. भारनियमनात टॉवर बसला आणि फोनची रेंज गेली की गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही, नेमकं कळायला हवं त्याच वेळी. उपाय एवढाच की दोन सिमच्या फोनात दुसऱ्या कंपनीचा डेटा ठेवायचा. शिवाय मुख्य फोनाखेरीज चार यंत्रं जोडता येतात. गावात रेंज नसली तरी तालुक्याला बसलेला भाऊ लॅपटॉपवरून उत्तरं देऊ शकतो. मात्र मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त उघडलाच नाही तर जोडलेली सगळी यंत्रं बाहेर पडतात.

क्विक रिप्लाय पन्नासपर्यंत साठवता येतात. स्लॅश टाकून ठरवलेला छोटा शब्द लिहिला की अख्खा मजकूर उमटतो. पाच पुरेसे होतात: आजचा भाव, पोचवायची गावं आणि वार, पैसे कसे भरायचे, माल खराब निघाला तर काय, आणि 'आमचा नंबर सेव्ह करा'. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

कारण ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवायची सोय. एका यादीत २५६ लोक बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप पोचतो. बाकीच्यांना जातच नाही आणि तसं तुम्हाला कोणी सांगतही नाही. स्टेटसची अट आणखी कडक: दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह हवेत. म्हणजे पाचशे जणांचा डेटा 'मिळवून' ब्रॉडकास्ट ठोकणारा हवेतच बोलतो. मग तो वैतागून लोकांना न विचारता ग्रुपमध्ये ओढतो, लोक रिपोर्ट करतात आणि नंबरवर बंदी येते. विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्या तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत फिरत असतात. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मग नवीन गिऱ्हाईक आणायचं कसं? आधी क्यूआर कोड. ॲपमधल्या बिझनेस टूल्समध्ये शॉर्ट लिंक आणि क्यूआर तयार मिळतो. आठवडी बाजार, कृषी केंद्र, एसटी स्टँड, सगळीकडे तोच लावला तर कुठून किती लोक आले ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक जागेला वेगळी डब्ल्यूए डॉट मी (wa.me) ची लिंक, म्हणजे दाबली की थेट तुमचं चॅट उघडणारी लिंक, हाताने बनवा आणि तिचा क्यूआर काढा. त्यात देशाचा ९१ आणि पुढे दहा आकडे, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. बऱ्याच लिंका याच दोन चुकांनी मरतात. शेवटी आधीच भरलेला मजकूर जोडता येतो. इथं 'मला संत्री पाहिजेत' असं मराठीत टाकायचा मोह आवरा. लिंकमध्ये देवनागरीच्या एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात, वाक्य शंभराच्या वर जातं, क्यूआरची जाळी बारीक होते आणि साध्या फोनाचा कॅमेरा ती पकडत नाही. त्याऐवजी नुसता अंक टाका: बाजाराला १, कृषी केंद्राला २, स्टँडला ३. पहिला मेसेज '२' आला की माणूस कुठून आला ते कळलं. त्या चॅटला तसं लेबल लावा, लेबलं वीस मिळतात.

छापताना माप बघा. जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कोड हवा, म्हणजे दोन मीटरवरून २० सेंटीमीटर. चारी बाजूंना पांढरी पट्टी सोडा. फ्लेक्सवाला जागा वाचवायला तीच पहिली कापतो. आणि ॲपमधला क्यूआर फ्लेक्सवर छापला असेल तर 'रीसेट' ला हात लावू नका, जुना कोड त्या क्षणी मरतो आणि फ्लेक्सचे पैसे पाण्यात.

फ्लेक्स कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपवर करायचं असेल तर मुक्ता, हिंद किंवा बालू हे फाँट घ्या, जोडाक्षरं फुटत नाहीत. जुन्या डीटीपी फाँटातला मजकूर तिथं चिकटवला तर अक्षरांच्या जागी निव्वळ कचरा दिसतो, तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा लागतो. बाकी कॅनव्हाची फुकट आवृत्ती पुरून उरते.

दुसरा रस्ता गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशात दिसणारी धंद्याची नोंद. हेही फुकट. इथं एक पाचर आहे. निव्वळ ऑनलाइन चालणारा, गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष न भेटणारा धंदा यात बसत नाही. फक्त कुरिअरने मुंबई-पुण्याला हळद पाठवत असाल तर नाद सोडा. पॅकिंगच्या जागी लोक येत असतील, किंवा तुमचा माणूस गावोगाव पेटी पोचवत असेल, तर बसतो. दुसऱ्या प्रकारात घरचा पत्ता लपवून वीसपर्यंत गावं किंवा तालुके सेवाक्षेत्र म्हणून देता येतात. सातबाऱ्यावरचा गट नंबर गुगलला कळत नाही. वावरातल्या शेडचा पत्ता द्यायचा तर नकाशावर पिन ठेवून प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा गुगलचा छोटा सांकेतिक पत्ता, घ्या.

पडताळणी आता बहुधा व्हिडिओने होते. न कापलेला, सलग, किमान ३० सेकंदांचा व्हिडिओ लागतो. आधी रस्ता आणि आजूबाजूची खूण, मग पाटी, मग माल, वजनकाटा, पेट्या, आणि शेवटी कुलूप उघडताना हात, म्हणजे जागा तुमच्या ताब्यात आहे हे दिसतं. माणसांचे चेहरे आणि बँकेचे कागद दाखवायची गरज नाही. व्हिडिओ लांबवला की गावच्या रेंजवर अपलोड अर्ध्यात लटकतो, दीड मिनिटात आटपा. नावात 'बेस्ट रेट होलसेल नागपुरी संत्री' अशी शेपटं लावली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पाटीवर जे नाव तेच लिहा. प्रोफाइल धंद्याच्या स्वतःच्या जीमेलवर काढा. सायबर कॅफेतल्या मुलाच्या खात्यावर काढलं आणि तो पुण्याला गेला, की वेळ बदलायलाही त्याच्या मागे फिरा. गिऱ्हाइकाकडून परीक्षण (रिव्ह्यू) मागा, पण त्यापायी सूट किंवा जास्तीची संत्री देऊ नका, ते नियमाबाहेर आहे. गुगलची स्वतःची चॅट सोय जुलै २०२४ मध्ये बंद झाली, म्हणून व्हॉट्सॲपचा नंबर संपर्काच्या रकान्यात नीट भरा.

फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात हंगामाच्या तोंडावर चालते, वर्षभर नाही. जिल्ह्याचं नाव निवडण्यापेक्षा नकाशावर पिन टाकून त्रिज्या द्या, नाहीतर मेळघाटात पोचवू न शकणारी पेटी तिथल्याच माणसाला दिसत राहते. १,००० रुपयांच्या जाहिरातीवर १८० रुपये जीएसटी वेगळा, तो हिशेबात धरा.

पैसे यूपीआयने घ्या, पण गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर पेटी हलवू नका. खात्यात रक्कम जमा झालेली बघा, मगच 'पेड' चं लेबल.

खात्याच्या नावापुढे खरेपणाची निळी टिक देणारं मासिक सदस्यत्व सध्या नको. आणि नागपूर-अमरावतीहून 'व्हॉट्सॲप एपीआय' (मोठ्या धंद्यांसाठीची, सॉफ्टवेअरमधून निरोप पाठवायची सोय) विकायला माणूस आला, बटणं आणि चॅटबॉट दाखवायला लागला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा. जुलै २०२५ पासून एपीआयवर जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजचे पैसे लागतात, ते त्याच्या पॅकेजात आहेत की वरून? आणि नंबर कोणाच्या नावावर राहणार? सेव्ह केलेले गिऱ्हाईक २५६ च्या दोन-तीन याद्यांत मावत असतील, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.