लोखंडी बॉडी अन् फायबर टाकीचा कूलर: खारपाणपट्ट्यात, मांजरं असलेल्या घरात कसा चालला

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे पक्का खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही अन् मे लागला की पारा ४५ च्या आसपासच मुक्काम करते. २०२४ च्या मे मध्ये बाजूच्या अकोल्यात उन्हापायी १४४ कलम लावलं होतं, त्यावरून बाहेरच्या लोकांनी अंदाज घ्यावा. इकडे कूलर घेताना दुकानदार जे सांगते ते नागपूर-पुण्याच्या पाण्याच्या हिशोबानं सांगते, आपल्या पाण्याचं कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या उन्हाळ्याआधी तालुक्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ऑर्डर देऊन बनवून घेतला. बॉडी लोखंडी पत्र्याची, तीन बाजूंनी गवताच्या जाळ्या, मोटर कॉपर वाइंडिंगची अन् खालची टाकी फायबरची. स्टँडसकट साडेआठ हजार पडले. टाकी फायबरचीच पाह्यजे हे मी अडून बसून करून घेतलं, काहून की खाऱ्या पाण्यात लोखंडी टाकी कितीही रंग मारा, बुडातून सडतेच, इकडे घरोघरी डांबर लावलेल्या गळक्या टाक्या दिसतात.

हवेचं म्हणाल तर एक नंबर. मे मध्ये आपल्याकडे हवा कोरडी ठक्क राह्यते, त्यामुळे जाळीवरचं पाणी भराभर उडते अन् उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते, कूलरचं सगळं काम एवढंच आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी दोनला सुद्धा माजघरात आई आरामात झोपते. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. लोक दारं-खिडक्या गच्च बंद करून कूलर लावतात अन् मग चिपचिप होते म्हणून कूलरवर नाव ठेवतात, आतली ओली हवा बाहेर जायला वाटच नसली तर गारवा येईल कुठून. मिरग लागून पाऊस सुरू झाला की मग कोणताच कूलर कामाचा नाही, तो काही या कूलरचा दोष नाही.

जाळीबद्दल. सध्या सगळे मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे हनीकोंब पॅड गळ्यात मारतात, दिसायला छान अन् गोड्या पाण्यावर चालतातही चांगले. पण खाऱ्या पाण्यावर त्याच्या भोकांमध्ये पांढरा क्षार असा जमते की हवाच येणं बंद होते, अन् एक पॅड बदलायचा म्हटलं की खिसा हलका. गवत स्वस्त, दर होळीला काढून फेकलं की नवीन भरलं. वाळ्याचा वास मलाही आवडते पण तो महाग पडते. आमचं मत, खारपाणपट्ट्यात डोळे मिटून गवतच घ्या.

आता मांजरांचं, काहून की हा कूलर निम्मा त्यांच्यासाठीच घेतला असं म्हटलं तरी चालेल.

माजघराला लागूनच कोठीची खोली आहे. तिथं तुरीची अन् हरभऱ्याची पोती, अन् भाव येईपर्यंत कापूस. उंदराला यापेक्षा चांगलं घर कुठं मिळणार, खायला दाणा अन् पिल्लं घालायला कापूस. भुरी अन् तिचा भाऊ ढोल्या बोका, या दोघांच्या जिवावर ती खोली आहे. उंदराचं औषध आम्ही ठेवत नाही. ब्रोमॅडियोलोन हे उंदराचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावून फिरते, अन् असा उंदीर मांजरानं खाल्ला की ते विष तिच्याही पोटात जाते. आमच्या गल्लीत अशीच एक चांगली शिकारी मांजर गेली, फार हळहळ वाटली सगळ्यांना.

या दोघांची ड्युटी दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत. मग दिवसा त्यांना झोप पाह्यजे, अन् टिनाच्या छताखाली ४५ अंशात मांजर काय झोपणार. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, फक्त पंजाच्या गाद्यांना येते, बाकी अंग चाटून ओलं करते अन् तेवढाच काय तो गारवा. म्हणून माजघर अन् कोठीमधलं दार अर्ध उघडं ठेवतो, कूलरची हवा दोन्हीकडे फिरते अन् तिकडूनच धाब्याच्या झरोक्यातून बाहेर जाते. भुरी बरोबर दाराच्या उंबरठ्यावर, पोट फरशीला चिकटवून, मागचे पाय लांब सोडून पडते, शेपटीचं टोक तेवढं हलत राह्यते. ढोल्याला मात्र बाहेर कूलरच्या स्टँडखालीच जागा पाह्यजे, जिथं ठिबकून फरशी ओली राह्यते.

अन् इथंच खरं सांगायचं आहे. लोखंडी कूलर, पाणी अन् करंट. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरं जातात. वेल्डिंगवाल्यानं आम्हाला दोन पिनचा प्लग लावून दिला होता, अर्थिंगचा पत्ता नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा मायनस पॉईंट, यासाठी एक स्टार सरळ कापतो. घरी आणल्याबरोबर वायरमनला बोलावून तीन पिन, बॉडीला अर्थिंग अन् बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारं बटण, बसवून घेतली, अन् मगच चालू केला. खाली ओल्या फरशीवर तुमचा बोका झोपलेला असो की नातू खेळत असो, हे केल्याशिवाय बटण दाबू नका. पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचाच.

यात मांजराचा अजून एक उपयोग. पावसाळ्यात कूलर उचलून कोठीत ठेवला की गवताच्या जाळीत उंदीर बिनधास्त घर करते अन् पंपाची वायर कुरतडते, त्याचे दात जन्मभर वाढत राह्यतात म्हणून त्याला काहीतरी कुरतडायला लागतेच. सोललेली वायर लोखंडी बॉडीला टेकली की झालं काम. शेजाऱ्यांचा कूलर असाच निघाला, नशीब प्लग लावायच्या आधी पाह्यलं. आमचा ठेवला होता तसाच निघाला, वायर अखंड, जाळी साफ, अन् हे श्रेय पूर्ण भुरीचं.

पाण्याचं एक ध्यानात ठेवा. कूलरमधून उडते ते निव्वळ पाणी, मीठ टाकीतच राह्यते, त्यामुळे वरून नुसतं भरत राह्यलं तर टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही खारं होत जाते. मांजर ठिबकणारं पाणी चाटते. म्हणून टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण खाली करायची, अन् मांजरांसाठी शहानूर धरणाच्या नळाचं गोडं पाणी मातीच्या परळात वेगळं, सावलीत. मांजराचं मूळ कोरड्या मुलखातलं, थोड्या पाण्यात भागवते, पण म्हणून तिला खारं पाजायचं का. अन् मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसलं तर ते कुत्र्यासारखं नेहमीचं समजू नका, तिला ऊन लागलेलं असते. लगेच गार जागेत आणून पंजे अन् पोट ओल्या फडक्यानं पुसा, बर्फ लावू नका, अन् जनावराच्या डॉक्टरला फोन करा.

बाकी आवाज थोडा जास्त आहे, टीव्ही मोठा करावा लागते. सोबत आलेला पंप हलका होता, लवकरच जाम झाला, नवीन बाजारात कुठंही मिळते, स्वतः बसवता येते. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर सुद्धा चालते, एसीचं तसं नाही.

पाचपैकी चार. बनवून घ्यायचा असेल तर होळीच्या आधी ऑर्डर द्या, एप्रिलमध्ये कारागिराला मान वर करायला वेळ नसते अन् मग अर्थिंगसारख्या गोष्टी तो हमखास सोडून देते.